भिकुबाईची इस्त्री

सोनगीरच्या किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं, की उजव्या हाताला एक अरुंद गल्ली चढत जाते. भिकुबाईचं घर त्या गल्लीत. पण घर कोणतं म्हणून विचारलं, तर माणसं नीट सांगत नाहीत. "कोनतं बी दार वाजाडा, ती तठेच भेटी," म्हणतात. आणि ते काही खोटं नाही. कोणाची लेक बाळंत झाली, भिकुबाई शेक-शेगडीला हजर. कोणाच्या घरी मयत झालं, भिकुबाई रडणाऱ्यांना पाणी पाजतेय. उन्हाळ्यात बिबड्यांचे पापड घालायचे झाले तर शिजलेल्या ज्वारीच्या पातेल्यात पहिला हात तिचा.

पुनम रावेरहून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिला या गोष्टीचा फार राग यायचा. सासू घरची आहे की गावची? एकदा तिनं नवऱ्याला, दीपकला तोंडावर विचारलं. तो हायवेच्या हॉटेलातून कामावरून आलेला, जेवत होता. घास न थांबवता म्हणाला, "गावची. तुला कोणी सांगितलं नाही?"

पुनमला वाटलं, बोलण्याची एक पद्धत आहे. तसं नव्हतं. ते अक्षरशः खरं होतं, आणि ते कळायला तिला दोन लेकरं गमवावी लागली.

भिकुबाईचं माहेर याच गावातलं, वरच्या आळीतलं. तिच्या आधी तिच्या आईची लेकरं जगत नव्हती. पाळणा बांधायचा आणि सोडायचा, असं चाललेलं. मग भिकुबाई पोटात असताना तिची आई पदर पसरून दारोदार हिंडली. पैसा नाही, धान्य नाही. प्रत्येक दारात एक चिंधी मागितली. पाटलाच्या दारात मागितली, तांबटाच्या दारात मागितली, वेशीबाहेरच्या वस्तीत जाऊन मागितली. त्या चिंध्यांची तिनं एक लहान गोधडी शिवली, लेकरू झाल्या झाल्या तिच्यात गुंडाळलं आणि नाव ठेवलं भिकू. अशा गोधडीतलं लेकरू एका घरचं राहत नाही. मरण दारात येऊन विचारतं, हे कोणाचं? तर कपडा सांगतो, याचं, त्याचं, अमक्याचं, तमक्याचं. मरण दारं मोजत बसतं आणि कंटाळून निघून जातं. भिकुबाईच्या आईकडची समजूत ही अशी होती.

मरण निघून गेलं खरं. भिकुबाईनं सत्तरी गाठली. आणि ज्यांच्या चिंध्यांत ती वाढली त्या प्रत्येक दाराला ती आपलं दार समजत आली. पुढे ज्यांची लेकरं जगत नसत अशा बायका तिच्याकडे यायला लागल्या. मागायचं त्यांनी, शिवायचं भिकुबाईनं. पार चोपड्याकडच्या बायका यायच्या. प्रत्येक नव्या गोधडीच्या मधोमध भिकुबाई स्वतःच्या गोधडीतला एक तुकडा कापून बसवायची. जगलेल्या लेकराचा तुकडा. असं करत करत तिची स्वतःची गोधडी झिजत गेली, नि आता ती हातरुमालापेक्षा जराशीच मोठी राहिली होती. पुनमनं ती ट्रंकेत पाहिली होती आणि पोतेरं समजून बाहेर काढली होती. भिकुबाईनं ती उचलून परत ठेवली.

पुनमचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं. दुसरी मुलगी झाली, ती दवाखान्याच्या काचेच्या पेटीत थोडे दिवस राहिली आणि गेली. दोन्ही वेळा भिकुबाई गोधडीबद्दल चकार शब्द बोलली नाही. कारण नेमच तसा होता, शिवणारीनं सुचवायचं नाही. आईनंच म्हणायला हवं. पुनम बी. ए. झालेली, शिवणाचा क्लास केलेली, गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी. ती कशाला पदर पसरते?

तिसऱ्या वेळी सहावा महिना लागला. ब्लाऊजच्या कापडावर हात ठेवून पुनम मशीनकडेच बघत म्हणाली, "आत्या, मला मागायला जायचंय."

भिकुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "जाय," म्हणाली. "एका दारमा एकच डाव जावानं. काय पाहिजे ते सांगानं नही. जे देतीन ते लेवानं, बदली मांगानं नही. कोनतं दार धराव ते तू ठराव, मी सांगावू नही. आनि पोरी, एक ध्यानमा ठेव. आलेला तुकडा आपला हातून जळना, हरायना, फाटना, तर त्या घरना वाटा गया. परत तठे मांगता येत नही."

पहिल्या दारात पुनमला भीड पडली. यशोदाबाईचं दार होतं ते, पुनमकडूनच ब्लाऊज शिवून घेणारी बाई. पुनम नुसती पदर धरून उभी राहिली. यशोदाबाईनं तिच्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, आत गेली. पुनमला वाटलं, एखादं फडकं आणेल. तर बाईनं लेकीच्या लग्नातली साडी आणली, उभ्या उभ्या कात्री लावली, आणि चांगला वीतभर काठ कापून पदरात टाकला.

"चांगली साडी होती," पुनम म्हणाली.

"मंग? लेकरूले काय फाटेल देवानं?"

मग पुनमची भीड चेपली, आणि भीड गेल्यावर जे दिसलं त्यानं तिचा ऊर भरून आला. मळकट भिंतींच्या, भांडकुदळ, पाण्याच्या नळावरून केस उपटणाऱ्या त्या गल्लीत लोकांनी काय काय जपून ठेवलं होतं. एस. टी.तून रिटायर झालेल्या माणसानं खाकी शर्टाचा खिसा उसवून दिला. तांबटाच्या सुनेनं जाळीची ओढणी दिली, टिकल्यांसकट. कोणी शाळेचा निळा युनिफॉर्म, कोणी मेलेल्या म्हाताऱ्याच्या धोतराची किनार, कोणी नायलॉनची साडी, कोणी क्रिकेटची गुळगुळीत बनियन. शाळेतून रिटायर झालेल्या इंदिराबाईंनी आधी तिला आत बसवलं, पाणी दिलं. "मी बुद्ध विहारात जाणारी बाई. हे असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण बाळाला पांघरूण लागतं, हे मानते." आणि त्यांनी वंदनेला नेसायच्या पांढऱ्या साडीचा पदर कापून दिला.

पुनम घरी आली तेव्हा पदर जड झाला होता. भिकुबाईनं ढीग पाहिला, एकेक तुकडा बोटांत चोळला आणि कपाळाला आठी घातली.

"हाई बठ्ठं येगयेगळं शे," ती म्हणाली. "मन्ही मायना टाईमले बठ्ठं सुती व्हतं."

अडचण अशी होती. बाळाच्या गोधडीत प्रत्येक तुकड्याची कड आत दुमडायची आणि ती घडी दाबून इतकी सपाट करायची, की तान्ह्याच्या कातडीला शिवण कळता कामा नये. भिकुबाई हे काम तांब्यानं करायची. गावातल्याच तांबटाच्या हातचा, जाड बुडाचा पितळी तांब्या. त्यात चुलीतले निखारे टाकायचे, फडक्यानं गळा धरायचा आणि घडीवर फिरवायचा. सुती कपड्याला तो तांब्या देव होता. पण भिकुबाई अंदाजावर काम करणारी बाई नव्हे. तिनं आधी आपल्या जुन्या नायलॉनच्या साडीची चिंधी घेतली आणि तिच्यावर तांब्या टेकवला. चिंधी गोळा होऊन बुडाला चिकटली. वास घरभर.

पुनमची एक इस्त्री होती, लग्नात आलेली. हलकी, गुलाबी, दिसायला गोड. ब्लाऊजपुरती ठीक, पण तिचा काही नेम नव्हता. एकदा कोमट राहायची, एकदा डोकं फिरल्यासारखी तापायची. भिकुबाईनं तिच्याखाली दुसरी चिंधी धरली. कडेला सुरकुती तशीच राहिली आणि मधोमध भोक पडलं. मग ओल्या सुती फडक्यावरही ती टेकवून बघितली आणि ते फडकं जपून ठेवलं.

"हाई तुन्हा नवरासारखी शे," भिकुबाई म्हणाली. "दिसाले चांगली, भरवसा नही."

"तुमचाच मुलगा आहे."

"म्हनीसन तं सांगी राहिनी."

दुसऱ्या दिवशी दोघी जीपनं धुळ्याला गेल्या. भिकुबाईनं पिशवीत चिंध्या घेतल्या होत्या आणि एका डब्यात ओलं सुती फडकं. आग्रा रोडवरच्या एका दुकानात योगेंद्र नावाचा चाळिशीतला दुकानदार होता. त्यानं कौतुकानं काचेतून एक निळी, चकचकीत इस्त्री काढली.

"ही घ्या मावशी. स्टीमची आहे. सध्या हीच चालते."

भिकुबाईनं ती उलटी केली, बुडावरून तळहात फिरवला. "बूडले भोकं काबर?"

"त्यातून वाफ येते."

"मी लहान तुकडास्न्या कडा दाबस. कड भोकवर उनी तं तेवढी उबी ऱ्हास. आनि पानी गळनं तं डाग. हाई नको, दादा. बिगर भोकनी देखाड."

त्यानं साधी काढली. भिकुबाईनं हातात तोलली, खाली ठेवली. दुसरी काढली. तिचं नाक बोथट होतं. कोपऱ्यात शिरणार नाही म्हणून तीही बाजूला. तिसरीची वायर आखूड. एकेक खोकं उघडत काउंटर भरला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत उभी राहिली.

"मावशी, सून बघायला निघाल्यासारखी इस्त्री बघताय तुम्ही."

"सूनले इतलं देखं नव्हतं," भिकुबाई पुनमकडे न बघता म्हणाली. "नशीब, चांगली निंघनी."

पुनमनं मान खाली घातली. पाच वर्षांत सासूच्या तोंडून आलेली ही पहिली शाबासकी, आणि ती इस्त्रीच्या दुकानात, परक्या माणसांसमोर.

मग भिकुबाईनं एक जड, काळ्या मुठीची, टोकदार नाकाची इस्त्री पुढे ओढली. "हाई लाय बटनले."

"लावून दाखवली की ती जुनी होते, मावशी."

"आनि न लावता घर लई गयी तं मी जुनी व्हई जासू."

योगेंद्र हसला आणि त्यानं वायर लावली. भिकुबाईनं ओलं फडकं काउंटरवर ताणून पसरलं. इस्त्री तापली तशी तिनं ती त्या फडक्यावर सरळ टेकवली, हलवली नाही, आणि उचलली. फडक्यावर इस्त्रीचा आकार उमटला होता. नाकापासून टाचेपर्यंत सगळा सारखा वाळलेला, कुठे ओलं बेट नाही. मग गुलाबी इस्त्रीनं केलेलं कालचं फडकं तिनं पिशवीतून काढून शेजारी ठेवलं. मधोमध करपट आणि कडेला ओल वाळून राहिलेल्या रेघा. योगेंद्रनं दोन्ही फडकी उचलून बघितली.

"हे बरं आहे," तो म्हणाला. "हे मी पण करणार आता. पण मावशी, एक माझंही ऐका. खटका नायलॉनवर ठेवला तरी नवी लावल्या लावल्या ती पहिल्यांदा उसळते. खुणेच्या वर जाते, मग खाली येते. एक-दोनदा टिक वाजू द्यायची. मग टेकवायची. घाई केली तर चांगली इस्त्रीसुद्धा जाळते."

भिकुबाईनं कान इस्त्रीजवळ नेला. आत बारीकसं टिक झालं. थोड्या वेळानं पुन्हा टिक. ती तशीच वाकून ऐकत राहिली. लेकराच्या छातीला कान लावावा तशी.

"आत कोन बोलस?" तिनं विचारलं.

"एक पट्टी असते. तापली की वाकते, करंट तोडते. निवली की सरळ होते."

"सोताच?"

"स्वतःच. माणूस लागत नाही."

"बाप रे," भिकुबाई म्हणाली, आणि त्यात थट्टा नव्हती. "मन्हा तांब्याले मी इचारू, तपना का? तो काय सांगी? आनि हाई सोतानं सोता थांबस. नवी गायसारखी शे मंग. पह्यले लाथ, मंग दूध."

इस्त्री घरी आली. चुलीजवळच्या कोनाड्यात तांब्या होता, त्याच्या शेजारी तिला जागा दिली. खटक्यावरची इंग्रजी अक्षरं भिकुबाईला वाचता येईनात, म्हणून पुनमनं नेलपॉलिशचे ठिपके दिले आणि भिकुबाईनं त्यांना नावं ठेवली. पहिला ठिपका बाळाच्या न्हाणीचं पाणी. दुसरा दूध. तिसरा तवा. आणि शेवटचा, जिथे कधीच जायचं नाही, तो भरीत.

"जाळीनी ओढनी कोनता?"

"न्हाणीचं पाणी. खाली फडकं, वर फडकं."

"इंदिराबाईना पदर?"

"तवा."

"नही. वंदना करीसन मऊ पडेल शे तो. दूध."

असं चालायचं दुपारभर. पुनमला आठवा लागलेला, जमिनीवर बसवत नव्हतं. ती मशीनच्या टेबलावर कडा दाबायची आणि भिकुबाई खाली धावदोरा घालायची. दर तुकड्याआधी दोघी गप्प व्हायच्या. टिक. पुन्हा टिक. मग पुनम इस्त्री टेकवायची. प्रत्येक वेळी घडी कागदासारखी सरळ उठायची. खाकी खिसा बसला. टिकल्यांची ओढणी बसली. क्रिकेटची बनियन, जिला तांब्या नुसता दाखवला असता तरी ती वितळली असती, तीसुद्धा बसली. एकही तुकडा जळला नाही. पुनमला वाटायला लागलं, आता काही होत नाही. आता हे मूल येतंच.

सगळ्या कडा झाल्या त्या दिवशी भिकुबाईनं तुकडे पुढच्या खोलीत अंथरले. मधोमध तिच्या स्वतःच्या गोधडीतला विरलेला तुकडा. पुनमला वाटलं होतं, रंग बघून लावतील. भिकुबाई रंग बघत नव्हती. ती एक तुकडा उचलायची, क्षणभर थांबायची आणि ठेवायची. यशोदाचा काठ इथे. इंदिराबाईंचा पदर तिथे, जरा उंचावर. मग तांबटाची ओढणी, मग वळण, मग खाकी. बघता बघता पुनमच्या ध्यानात आलं. ती गल्ली होती. वेशीपासून किल्ल्यापर्यंत, दाराला दार लागून, अख्खी गल्ली जमिनीवर पडलेली होती आणि भिकुबाई तिच्यातून गुडघ्यांवर चालत होती.

"तुमचीही अशीच होती?"

"मन्ही बी. त्यान्हामाईन एक बी घर मी इसरनी नही. त्या घरमा आते कोन ऱ्हास, ते बी म्हाईत शे."

आणि मग भिकुबाईचा हात थांबला. यशोदाबाईचा काठ आणि मधोमधचा तुकडा, म्हणजे भिकुबाईचं स्वतःचं दार, यांच्या मधे एक जागा मोकळी होती. तिथे ठेवायला तुकडा नव्हता. भिकुबाईनं दोन्हीकडचे तुकडे ओढून ती जागा बुजवली नाही. तशीच ठेवली आणि चहा ठेवायला उठून गेली.

ती जागा कोणाची हे पुनमला सांगायची गरज नव्हती. भिंतीला भिंत लागून असलेलं दार. द्रौपदाबाईचं. भिकुबाईची थोरली जाऊ. नवरा गेलेला, मुलं सुरतला. मोरीचं पाणी कोणाच्या अंगणातून जावं, यावरून दोन वर्षांमागे दोन्ही घरं अशी काही भांडली होती, की दीपकनं मधे विटांचा बांध घातला आणि बोलणं बंद. मागायला निघाली तेव्हा पुनम त्या दारासमोर आली होती. थांबलीही होती. मग पुढे गेली.

चहा तसाच ठेवून पुनम उठली. उन्हं कलली होती. तिनं पदर घेतला, विटांच्या बांधाला वळसा घातला आणि कडी वाजवली.

द्रौपदाबाई दारात आली. उंच, वाळलेली, नाकात जुनी चमकी. पसरलेल्या पदराकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"माले वाटनं, मन्हं दार तुले दिसत नही."

"दिसत होतं, मोठ्या आत्या."

"मंग?"

"भीती वाटली. तुम्ही नाही म्हणाल."

द्रौपदाबाई आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत घडी केलेला कपडा होता, पोपटी रंगाचा, जुन्या सुती साडीचा पदर. पण ती तो देईना. छातीशी धरून उभी राहिली.

"हाऊ तुले देवाना व्हता," ती म्हणाली. "आते देवाजोगा नही ऱ्हायना. थांब, दुसरा देस."

"काय झालं त्याला?"

द्रौपदाबाईनं घडी उलगडली. पदराच्या मधोमध इस्त्रीचा डाग होता. नाक, दोन बाजू, टाच. कडेला चहाच्या रंगाचा, मधे तंबाखूसारखा काळा.

"तू मांगाले निंघनी, ते माले समजनं," द्रौपदाबाई सांगायला लागली. "यशोदानं दार व्हयनं की मंग मन्हंच. म्हनं, लेकरूले सुरकुतेल काबर देवानं. इस्तरी तपाडी. पदर पसारा. तवय तुन्हा पायना आवाज उना. दारसमोर थांबना. मी इस्तरी टेकाडेल, हात तठेच. आते कडी वाजाडशी, आते वाजाडशी... मंग आवाज पुढे गया. मी तरी आयकी राहिनी. परत येशी म्हनीसन. खाले देखं तं धूर."

पुनमनं पदर आणखी पुढे केला.

"हाच द्या," पुनम म्हणाली.

"जळेल शे, पोरी. लेकरूना कामले जळेल चालत नही. तुन्ही सासूले इचार."

"तुम्ही द्यायला हाच काढलात. जे देतील ते घ्यायचं, असं त्यांनीच सांगितलंय. बदली मागायचा नाही."

द्रौपदाबाईनं तो पदर तिच्या पदरात सोडला. ठेवला नाही, सोडला. हात जसे काही एकदम थकले.

पुनम घरी आली. इतके दिवस दोघींनी जीव मुठीत धरून एकेक तुकडा जपला होता, आणि आता तीच एक जळका तुकडा पदरात घेऊन आली होती. तिनं तो भिकुबाईसमोर ठेवला आणि जे ऐकलं ते सांगितलं. भिकुबाईनं तो मांडीवर घेतला. डागाच्या कडेवरून बोट फिरवलं, चहाच्या रंगावरून तंबाखूच्या रंगावर, मग पुन्हा बाहेर. भाकरीवरचा डाग बघून ती तव्यावर किती वेळ राहिली हे बाईला कळतं. भिकुबाईलाही कळलं.

"लई येळ थांबनी व्हती अक्का," ती म्हणाली. "लई येळ."

"चालेल का?"

"आपला हातून जळना तर वाटा गया. हाऊ तुन्ही वाट देखता देखता जळना. हाई जळेल नही, पोरी. हाई देनं शे."

पण डाग मधोमध कुरकुरीत झाला होता. तिथे सुई घातली असती तर कपडा पापडासारखा तुटला असता. त्याला खालून आधार हवा होता. मऊ, विरलेला, सुती. भिकुबाईनं ट्रंक उघडली आणि आपल्या गोधडीचा उरलेला सगळा तुकडा बाहेर काढला. पुनमनं तिचा हात धरला.

"आत्या, हा शेवटचा आहे. तुम्हाला काय राहिलं?"

"माले काय करानं?" भिकुबाई म्हणाली. "मी तं जगी गयी."

"आणि पुढे कोणी आलं, मागायला?"

भिकुबाईनं हनुवटीनं पुनमच्या पोटाकडे दाखवलं. "हाऊ देई ना आपली गोधडीमाईन."

तिनं तो तुकडा डागाखाली घातला. खटका पहिल्या ठिपक्यावर ठेवून पुनमनं इस्त्री लावली. टिक. दोघी थांबल्या. पुन्हा टिक. आणखी एकदा, उगाचच. मग पुनमनं इस्त्री डागाला न शिवता त्याच्या चारी कडांवरून फिरवली, आणि भिकुबाईनं डागाच्या भोवतीनं इतका बारीक, इतका जवळ जवळ दोरा घातला, की इस्त्रीचा तो काळा आकार मुद्दाम शिवलेल्या नक्षीसारखा दिसायला लागला. मोकळी जागा भरली. गल्ली पुरी झाली.

मूल धुळ्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी. लगेच रडली, आणि बराच वेळ रडत राहिली. नर्स कंटाळली पण पुनम ऐकत राहिली. दीपकनं कागदावर मृणाली नाव लावलं. गल्लीनं ते ऐकून घेतलं आणि तिला भिकी म्हणायला सुरुवात केली.

बारसं झाल्यावर भिकुबाई तिला गोधडीत गुंडाळून दारोदार घेऊन गेली. हीसुद्धा रीतच. प्रत्येक दारात बाई बाहेर यायची, गोधडी चाचपायची, आपला तुकडा शोधायची आणि सापडला की त्याला बोट लावायची. यशोदाबाई आपला काठ बघून हसली. खाकी खिसा देणाऱ्या रिटायर कंडक्टरनं गोधडीवरच्या आपल्या खिशावर दोन बोटं टेकवून, "तिकीट काढलं का बाई?" असं त्या तान्हीला विचारलं. पुनम मागे मागे चालत होती. या दारांसमोरून ती पाच वर्षं रोज गेली होती आणि तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटत होतं. पुढे सासू, तिच्या हातात गल्ली, गल्लीत लेक. सासूला गावची का म्हणतात, हे आता तिला कोणी सांगायला नको होतं.

द्रौपदाबाईच्या दारात भिकुबाई थांबली. "अक्का," म्हणाली, आणि लेकरू पुढे केलं. दोन वर्षांतला हा पहिला शब्द. द्रौपदाबाईला आपला तुकडा शोधावा लागला नाही. भिकुबाईनं गुंडाळतानाच तो वर घेतला होता, आणि डागावर भिकीची टाच टेकलेली होती. द्रौपदाबाईनं ती टाच उचलली, खालचा डाग तळहातानं चाचपून बघितला. कुठे टोचतोय का.

"टोचत नही," ती म्हणाली.

"नही," भिकुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विटांच्या बांधापलीकडून तोच जुना, खणखणीत आवाज आला. "वं भिकू, पोरनी गोधडी वाळाले मन्हा बांधवर टाकत जाय, आठे ऊन जास्ती शे. पन मोरीनं पानी इकडे उनं तं देखी लिसू."

पुनमनं गोधडी नेऊन बांधावर टाकली. पोपटी तुकडा वर.